पिकअपचे मागचे पाटे बदलताय? आधी या चुका टाळा

माल चढवला, गाडी मागून बसली आणि कुणीतरी म्हणालं, "एक पाटा वाढवून टाक." बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. वजनाखाली वाकणं हे पाट्याचं, म्हणजे अॅक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, कामच आहे. पूर्ण भरलेल्या पिकअपचे पाटे जवळजवळ सपाट दिसले तरी त्यात बिघाड असेलच असं नाही. रिकाम्या गाडीचे पाटे सपाट किंवा उलटे वाकलेले दिसले, तर मात्र ते दमले आहेत.

म्हणून नुसत्या नजरेवर जाऊ नका. सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. एकदा रिकामी, एकदा नेहमीच्या मालासह, आणि दोन्ही बाजूंनी. रिकामी असतानाही एकच बाजू खाली असेल तर तडकलेला पाटा, झिजलेला बुश (पाट्याच्या टोकातली रबरी नळी) किंवा गंजलेलं शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा हलता दुवा) शोधा. तिथे जाड पाटा घालून उपयोग नाही. शॉकअप बदलूनही उंची परत येत नाही. ते उसळी आवरतात, वजन पेलणं पाट्यांचं काम.

माल कुठे ठेवता तेही बघा. पुढच्या-मागच्या चाकांत 3 मीटर अंतर असेल आणि 300 किलो माल मागच्या अॅक्सलच्या 60 सेंटीमीटर मागे असेल, तर मागच्या अॅक्सलवर 360 किलो येतात आणि पुढची चाकं 60 किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट वर बघायला लागतात. तोच माल केबिनकडे सरकवला की अर्धी तक्रार फुकटात मिटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कडक पाटे घातल्यावर गाडी जास्त वजन उचलेल असं मानणं. अॅक्सल, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक सगळं तेच राहतं. आधी वजनकाट्यावर मागच्या अॅक्सलचं वजन घ्या. ते कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वर असेल तर पाट्यांचा विषय तिथेच संपला, कारण ओव्हरलोड गाडी ताठ उभी राहिली तरी ओव्हरलोडच.

एक गोष्ट गॅरेजमध्येही विसरली जाते. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह एका दांडीने अॅक्सलला जोडलेला असतो. पाट्यांमुळे मागची उंची वाढली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. नवे पाटे बसवल्यावर ही दांडी जुळवून घ्यायलाच हवी.

रोज भार असेल तर कडक जोडी ठीक. बदलायची ती जोडीनेच. वर्षातून चार-पाच फेऱ्यांसाठी मात्र नको, कारण रिकामी गाडी खड्ड्यावर टणाटणा उडते आणि ओल्या वळणावर मागून घसरू शकते. त्यापेक्षा हवा भरायचे हेल्पर, म्हणजे पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, बरे; गरज संपली की हवा कमी करता येते.

बसवताना पाटे अॅक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट परत वापरू नका, ते एकदा ताणलेले असतात. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. लटकत्या अॅक्सलवर आवळले तर रबरी बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. काहीशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर, तपासा.