जुनी फॅमिली कार पासिंगला अडकणार का नाई, हे घ्यायच्या आधीच कसं ओळखायचं

आपल्याकडं जुनी गाडी पाहाले गेलं का लोक बोनेट उघडतात, इंजिनचा आवाज ऐकतात, एसी लावून पाहतात, डांबरी रोडवर एक चक्कर मारतात अन् टोकन देऊन मोकळे होतात. इंजिन चांगलं पाह्यजेच, त्यात वाद नाई. पण पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीत, साहेब काही एसी लावून पाहत नाईत. ते पाहतात लाइट, ब्रेक, स्टिअरिंग, टायर, धूर, चेसिस नंबर अन् कागद, म्हणजे नेमकं तेच जे आपण घेताना पाहात नाई. म्हणून हे लिहून राह्यलो, खास करून खेड्यातल्या लोकांसाठी, काऊन का आपल्या गाड्या ज्या रस्त्यानं अन् ज्या मातीतून चालतात त्याचा हिशोब शहरातल्यापेक्षा वेगळा आहे.

आधी एक घोळ मिटवू. बरेच जण म्हणतात दरवर्षी पासिंग करा लागते. पांढऱ्या प्लेटच्या, घरच्या गाडीले दरवर्षी पासिंग नसते. रजिस्ट्रेशन झाल्यापासून १५ वर्षं आरसी (रजिस्ट्रेशनचा कागद) चालते, मंग गाडी आरटीओला दाखवून ५ वर्षांसाठी वाढवून घ्यायची, परत ५ वर्षांनी परत. दरवर्षीचं असते ते पीयूसी, म्हणजे धुराचं सर्टिफिकेट, तेही बीएस फोर अन् बीएस सिक्सलाच (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी टप्पे, आकडा मोठा तशी गाडी नवीन) वर्षाचं भेटते, त्याच्या आधीच्या गाडीले ६ महिन्यांचं. पिवळ्या प्लेटच्या गाडीचा हिशोब वेगळा, तिचं फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी अन् त्यानंतर दरवर्षी. म्हणून कोणी टुरिस्ट पासिंगची गाडी स्वस्तात देत असंल तर आधी विचारा का ती प्रायव्हेट करून देणार का तशीच गळ्यात मारणार, नाईतर दरवर्षीची वारी तुमच्या नशिबी.

इंग्लंडमध्ये गाडी ३ वर्षांची झाली का दरवर्षी टेस्ट असते, एमओटी म्हणतात तिले, अन् गाडीचा नंबर टाकला का ती मागच्या टेस्टमध्ये कशात नापास झाली ते कोणालेही ऑनलाइन दिसते. तिथंही गाड्या जास्त करून लाइट, सस्पेन्शन, टायर, ब्रेक यातच अडकतात, इंजिनात नाई. आपल्याकडं असा रेकॉर्ड काही पाहाले भेटत नाई, म्हणून ती टेस्ट आपणच घ्यायची.

कागदापासून सुरू करा, घरबसल्या होते. एमपरिवहन अॅपमध्ये किंवा परिवहनच्या साइटवर नंबर टाका. रजिस्ट्रेशनची तारीख पाहा, फिटनेस कवापर्यंत आहे ते पाहा, इन्शुरन्स, पीयूसी, अन् बँकेचा बोजा आहे का ते पाहा. बोजा असंल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) अन् बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन वेगळं तपासा, लोकायले माहीत पण नसते का समृद्धीवर किंवा नागपुरात कॅमेऱ्यानं फोटो काढून ठेवलेत. नाव ट्रान्सफरचे फॉर्म २९ अन् ३० सही करून घ्या, "मंग पाहू" म्हणणाऱ्याची गाडी घेऊच नका.

आता तारखेचं गणित. समजा गाडी २०१२ ची आहे, म्हणजे २०२७ मध्ये १५ वर्षं भरतात. तिची किंमत ठरवताना पासिंगचा खर्च त्यातच धरा. १५ वर्षांवरच्या कारच्या रजिस्ट्रेशन रिन्युअलची फी ५,००० रुपये आहे, २० वर्षांच्या वरची असंल तर २०२५ च्या नियमानं १०,०००, त्यावर पर्यावरण कर वेगळा, अन् मुदत संपल्यावर गेलात तर कारले महिन्याला ५०० रुपये लेट फी. रिन्युअलचा फॉर्म २५ मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून भरता येतो, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. तूर काढणी, लग्नसराई असं काही ना काही मधात येतेच अन् मंग गाडी अंगणात उभी राहते.

जुनी नंबर प्लेट असंल तर एचएसआरपी, म्हणजे नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवून घ्या. महाराष्ट्रात २०१९ च्या एप्रिलच्या आधीच्या गाड्यायले पण ती लागते, अन् ती नसंल तर आरटीओची बाकी कामं पण अडकून पडतात.

कागद झाले. आता गाडी पाहाले जाताना एक टॉर्च, एक जुनी चादर अन् शक्य असंल तर तुमचा ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा. चादर गाडीखाली झोपायसाठी. लाज वाटू देऊ नका.

माझ्या मते खाली झोपून पाहणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. आपली काळी माती पावसाळ्यात चाकाच्या कमानीत, सस्पेन्शनच्या मांगं, फ्रेमच्या सांध्यात जाऊन बसते अन् सिमेंटसारखी घट्ट होते. तिच्यात ओल धरून राहते अन् पत्रा आतून सडते. वरून गाडी चकाचक, पॉलिश मारलेली, अन् खाली बोटानं दाबलं तर पापुद्रे निघतात. मालकानं नुकताच खालून काळा कोट मारला असंल तर जास्त सावध व्हा, विकायच्या तोंडावर कोणी हौशेनं अंडरकोटिंग करत नाई. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हळू ठोकून पाहा, चांगला पत्रा टणटण वाजते, सडलेला बद्द बोलते. बल्ब, ब्रेक, टायर सगळं बदलता येते, सडलेलं अंग बदलता येत नाई, आलं तर गाडीच्या किमतीइतका खर्च येते.

तिथंच चेसिस नंबर पाहा. १७ अक्षरी असते. बऱ्याच मारुती गाड्यांत बोनेटखाली फायरवॉलवर (इंजिन अन् केबिनच्या मधल्या पत्र्यावर) भेटते, काही गाड्यांत सीटखाली, बोलेरोसारख्या फ्रेमवाल्या गाडीत फ्रेमवर चाकाच्या बाजूले, म्हणजे जिथं चिखल सगळ्यात जास्त उडते तिथंच. पासिंगच्या वेळी कागद ठेवून वरून पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतात. नंबर गंजून पुसट झाला असंल, घासल्यासारखा दिसत असंल, एखादं अक्षर आरसीशी जुळत नसंल तर सौदा तिथंच सोडा, कितीही स्वस्त असू द्या. इंजिन नंबर पण आरसीशी जुळवून पाहा, काऊन का इंजिन बदललेल्या गाड्या फिरून राह्यल्या अन् आरसीवर त्याची नोंद नसते.

ब्रेकचं असं करा, गावाबाहेरच्या मोकळ्या सरळ रोडवर ३०-४० च्या स्पीडनं नेऊन स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक मारा. गाडी एका अंगाले ओढत असंल तर एका बाजूचा कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर जाम आहे. पेडल मऊ लागत असंल तर हवा आहे नाईतर ऑइल जुनं आहे, ब्रेक ऑइल ओल ओढते, साधारण २ वर्षांनी बदलाच. हँडब्रेक चढावर ओढून गाडी सोडून पाहा, हा आपल्याकडं कोणी वापरतच नाई, गावात सगळे गिअर टाकून मांगं गोटा लावतात, म्हणून केबल गंजून बसलेली असते. जिथं ऑटोमॅटिक टेस्टिंग स्टेशन आहे तिथं रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात, त्यामुळं "लागते ना ब्रेक" एवढ्यावर भागत नाई.

स्टिअरिंग उभ्या गाडीत डावी-उजवी हलवा, चाक हलायच्या आधी जास्त फिरत असंल किंवा गिट्टीवरून जाताना कटकट येत असंल तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश पाहा. शिवारातल्या पांदण रस्त्यानं चाललेल्या गाडीत हे गेलेलंच असते बहुतेक. खर्च फार नाई, भाव पाडायले कामाचं.

टायरमध्ये नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यायच्या बरोबरीले आला म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, टायर गेला. बाजूले चार आकडे असतात, समजा २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. आपल्या उन्हात जुना टायर नक्षी असूनही चिरते, तो पण नकोच.

लाइट. पासिंगले गेलेली गाडी परत पाठवायचं हे सगळ्यात फालतू कारण आहे अन् बरेच लोक यातच अडकतात. अंधार पडल्यावर भिंतीसमोर उभी करून लो बीम, हाय बीम, चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्स, नंबर प्लेटचा लाइट एकेक लावून पाहा, दुसऱ्या माणसाले मांगं उभा करा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, त्यात हेडलाइटची काच पिवळी अन् धुरकट होते, वायपरचं रबर कडक होऊन फाटते. काच पॉलिश होते, रबर शंभर-दोनशेत भेटते. अन् ते निळे-पांढरे एलईडी काढून कंपनीचा ६०/५५ वॅटचा बल्ब लावा, समोरच्याचे डोळे जातात राजा. वायर पण पाहा, कापसाच्या अन् धान्याच्या गोदामाजवळ उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात अन् मंग कोणता लाइट कवा बंद होईल सांगता येत नाई.

प्रेशर हॉर्न, समोरचा लोखंडी गार्ड, काळी फिल्म हे सगळं पासिंगच्या आधी काढाच. गार्डवर केंद्राची २०१७ पासून बंदी आहे, अन् काळी फिल्म सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच बंद केली. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के अन् बाजूच्यातून ५० टक्के उजेड आरपार जायले पाह्यजे. गार्डवर साहेबांसंग वाद घालण्यात दिवस घालवू नका.

गॅसवर चालणारी व्हॅन असंल तर किट आरसीवर चढवलेलं आहे का ते पाहा, सीएनजी असंल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं तपासणी) दर ३ वर्षांनी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा. घरगुती सिलिंडरवर चालणाऱ्या गाडीत तर बसू पण नका, पासिंग दूरच.

धुराचं थोडं सविस्तर. पीयूसी काढताना पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड मोजतात, बीएस थ्रीले ०.५ टक्के अन् बीएस फोरले ०.३ टक्के मर्यादा आहे. डिझेलचा धूर मोजतात, बीएस फोरच्या आधीच्याले ६५ अन् बीएस फोरले ५० हार्ट्रिज युनिट (धुराचा काळेपणा मोजायचं माप) मर्यादा आहे. थंड गाडी नेली तर आकडे खराब येतात, म्हणून पंधरा-वीस किलोमीटर चालवून गरम नेऊन उभी करा. काळा धूर म्हणजे बहुतेक एअर फिल्टर किंवा इंजेक्टर. फिल्टर आधी बदला, शेतातली धूळ अन् जिनिंगजवळचा कापसाचा तूस त्यात भरून राहते, साधं काम आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळून राह्यलं, ही गाडी घेऊ नका. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसंल अन् कूलंट कमी होत असंल तर हेड गॅस्केट. आणखी एक, विकणाऱ्यानं पीयूसी "काढून ठेवलं" म्हणून दाखवलं तरी स्वतः समोर उभं राहून नवीन काढा, गाडीच्या मानानं खर्च किरकोळ आहे अन् इंजिनाची खरी हालत त्या कागदावर दिसते.

कोणती गाडी घ्यायची असं विचाराल तर माझं म्हणणं, जिचे पार्ट तालुक्याच्या दुकानात त्याच दिवशी भेटतात ती. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, बोलेरो यायचे भेटतात, मेकॅनिकचा हात पण बसलेला आहे. महागडी जुनी सेडान स्वस्तात भेटते, पण तिच्या एका टेललाइटसाठी नागपूर किंवा अमरावतीच्या चकरा मारा अन् तोपर्यंत पासिंगची तारीख गेली.

गाडी घेतल्यावर मात्र दरवर्षी एकदा हे सगळं घरीच करा, कायदा म्हणो ना म्हणो. सगळ्यात बरा वेळ पोळा-दिवाळीच्या मधात, पाऊस ओसरला का. वॉशिंग सेंटरवर गाडी वर चढवून खालून प्रेशरनं माती पूर्ण काढायची, चाकाच्या कमानीत बोट घालून पाहायचं, सुकू द्यायचं, जिथं रंग उडाला तिथं घासून रेड ऑक्साइड अन् वरून कोट. असं दरवर्षी केलेल्या गाडीले १५ वर्षांच्या पासिंगले दोन-चार बल्ब अन् वायपर सोडून फार काही लागत नाई.

पासिंगच्या दिवशी गाडी धुवून, बोनेटखालचा चेसिस नंबर पुसून, टायरमध्ये हवा बरोबर करून न्या. मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, ओळखपत्र अन् ऑनलाइन फीची पावती संग ठेवा. अपॉइंटमेंट घेऊन जा, तालुक्याच्या कॅम्पला पासिंग होते का जिल्ह्याले जा लागते ते आधी फोन करून विचारा. एजंट लागतोच असं नाई, फॉर्म ऑनलाइन भरता येते, सीएससी सेंटरवाला (गावातलं ऑनलाइन सरकारी कामाचं केंद्र) पण भरून देते. काम झालं का दोन-चार दिवसांनी अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून नवीन तारीख चढली का पाहा, अन् नसंल चढली तर पावती घेऊन लगेच जा, पावतीवरचा अर्ज नंबर दाखवला का त्यायले शोधायले सोपं जाते.