रंग आणि ध्यान: दिवा, चकती आणि ज्योत वापरताना या चुका टाळा

रात्री ध्यानाला बसण्याआधी निळा दिवा लावायचा, कारण निळा रंग शीतल. ही समजूत इतकी पक्की आहे की दिवा लावायला लागल्यापासून झोप का उडाली, याचं कारण कुणी दिव्यात शोधतच नाही. संध्याकाळचा चहा बंद होतो, जेवण लवकर होतं, उशी बदलते. दिवा मात्र तसाच राहतो.

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवणं असतं. त्यांच्यातलं मेलॅनोप्सिन हे द्रव्य ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतं. रंग बदलणाऱ्या एलईडी दिव्यातला निळा असतो साधारण ४६५ नॅनोमीटरचा, म्हणजे अगदी शेजारचा. रात्री नऊला तो लख्ख लावला की मेंदूला सकाळ झाल्याचा निरोप जातो आणि झोप आणणारं मेलॅटोनिन दबतं. तोच दिवा पहाटेच्या बैठकीला लावला तर पेंग कमी होते. चूक रंगाची नाही, वेळेची आहे.

ध्यानात रंगाची कामं दोनच: लक्षाला टेकायला जागा देणं आणि खोलीतला उजेड सौम्य करणं. ही दोन्ही कामं तो चोख करतो. पण त्यासाठी कोणता रंग घेतला यापेक्षा तो किती गडद आहे, किती प्रखर आहे आणि कधी वापरला, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. रंग आणि भावना यांवरच्या १९९४च्या एका गाजलेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: मनाच्या उत्तेजनावर रंगाच्या नावापेक्षा त्याच्या गडदपणाचा आणि उजळपणाचा परिणाम मोठा होता. पुढच्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळे होतात.

उजेडाचं गणित

झोपण्याआधीच्या तीन तासांत डोळ्यांपर्यंत पोहोचणारा, शरीराच्या घड्याळाला जाणवणारा उजेड १० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आत असावा, अशी शिफारस तज्ज्ञांच्या एका गटाने २०२२मध्ये केली आहे. लक्समीटर विकत घेण्याची गरज नाही. मांडीवर वर्तमानपत्र ठेवा. मथळे वाचता यावेत, बातमीचा बारीक मजकूर वाचता येऊ नये, इतका उजेड संध्याकाळच्या बैठकीला पुरतो.

त्यासाठी ३ ते ५ वॅटचा, खोक्यावर २७०० केल्विन किंवा वॉर्म व्हाइट लिहिलेला एकच एलईडी बल्ब घ्या. ६५०० केल्विनचा कूल डेलाइट या कामाला नको. दिवा पाठीमागे, जमिनीलगत आणि भिंतीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे डोळ्यांपर्यंत फक्त भिंतीवरून परतलेला उजेड येतो. समोर ठेवलेला उघडा बल्ब कितीही मंद असला तरी मिटलेल्या पापण्यांतूनही टोचतो. रंगच हवा असेल तर संध्याकाळी अंबर किंवा लाल घ्या. लाल उत्तेजक असतो अशी भीती घातली जाते. भडक, प्रखर लालबाबत ती रास्त आहे; मंद लाल प्रकाश मात्र शरीराच्या घड्याळाला सर्वांत कमी धक्का लावतो.

मंद उजेडात आणखी एक फसगत होते. अंधार वाढला की डोळ्याला लाल रंग काळपट आणि निळा रंग उजळ दिसू लागतो. म्हणून लाल दिवा कमी वाटतो, हात आपोआप वाढवायच्या बटणाकडे जातो आणि खोली भगभगीत होते. दिवा लावल्यावर दहा मिनिटं काही बदलू नका. डोळे अंधाराला सरावले की तोच लाल पुरेसा वाटतो.

भिंतीकडेही लक्ष द्या. पिवळट भिंतीवर निळा प्रकाश टाकला तर तो मळकट, राखाडी-हिरवट दिसतो, कारण पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो. दोष दिव्याला दिला जातो आणि महागडा दिवा आणला जातो. ऑफ-व्हाइट भिंत नसेल तर पांढरी सुती चादर टांगा.

जिलेटीन कागद आणि रंगीत मेणबत्ती

आकाशकंदिलाचा उरलेला जिलेटीन कागद थेट बल्बला गुंडाळू नका. जुना झिरोचा बल्ब नावापुरताच झिरो. तो १५ वॅटच्या आसपास वीज खातो आणि चांगला तापतो. कागद आक्रसतो, वितळून काचेला चिकटतो, जळूही शकतो. कागद बल्बपासून निदान वीतभर लांब, चौकटीवर ताणून लावा आणि आत फक्त एलईडी वापरा.

रंगीत मेणबत्तीचा घोटाळा वेगळाच आहे. निळ्या मेणाची मेणबत्ती पेटवली तरी ज्योत पिवळीच राहते. ज्योतीचा पिवळा रंग तिच्यातल्या काजळीच्या तापलेल्या कणांचा असतो, मेणात घातलेल्या रंगाचा त्याच्याशी संबंध नसतो. निळा प्रकाश हवा म्हणून अशी मेणबत्ती आणण्यात अर्थ नाही.

लुकलुकणारे दिवे

स्वस्त एलईडी पट्टी मंद केली की ती खरंतर मंद होत नाही. ती झपाट्याने चालू-बंद होत राहते आणि आपल्याला सरासरी उजेड दिसतो. ही गती कमी असेल तर डोकं जड होतं, डोळे थकतात, आणि बसणाऱ्याला वाटतं की एकाग्रतेचाच ताण आला. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर रोखून पाहा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा ध्यानाला नको. पूर्ण क्षमतेवर चालणारा लहान बल्ब आणि त्याच्यापुढे जाड सुती कापड, ही जोडी मंद केलेल्या मोठ्या दिव्यापेक्षा केव्हाही बरी.

रंग आपोआप बदलणारा मोड ध्यानात बंदच ठेवा. दर काही सेकंदांनी रंग बदलला की लक्ष तिकडे ओढलं जातं. मन टिकायला लागतं तेवढ्यात हिरव्याचा जांभळा होतो. झपझप उघडझाप करणारा मोड तर धोक्याचा आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. घरात कुणाला फिट येण्याचा इतिहास असेल तर चमकणारा प्रकाश पूर्ण वर्ज्य. अर्धशिशी असणाऱ्यांनीही तो टाळावा.

चकती: जुनी रीत आणि नव्या चुका

रंगावर लक्ष लावण्याची सर्वांत नीट लिहून ठेवलेली पद्धत थेरवाद बौद्ध परंपरेत आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषाने पालीत लिहिलेल्या विशुद्धिमार्ग या ग्रंथात ‘कसिण’ या नावाने ती येते; कसिण म्हणजे नजर लावण्यासाठी समोर ठेवायचं मंडल. निळा, पिवळा, तांबडा आणि पांढरा हे तिथले चार रंग. कसिणाच्या मंडलाचं माप एक वीत चार बोटं आणि बसायचं अंतर अडीच हात. आजच्या मापात सुमारे ३० सेंटिमीटरची चकती आणि साधारण सव्वा मीटर अंतर. शतकानुशतकं टिकलेलं हे माप व्यवहारातही अगदी बरोबर बसतं.

बनवायला सोपी आहे. जाड पुठ्ठ्यावर जेवणाचं ताट उपडं ठेवून कड गिरवा आणि गोल कापा. मॅचिंग सेंटरमधून एकाच रंगाचं रुबिया कापड अर्धा मीटर आणा. पुठ्ठ्याला फेव्हिकॉलचा पातळ थर लावून कापड ताणून बसवा, कडा मागे दुमडून चिकटवा. चकती फिक्या राखाडी किंवा ऑफ-व्हाइट भिंतीवर, बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली लावा. उजेड बाजूने येऊ द्या. ऑइलपेंट, सॅटिन किंवा चकचकीत कागद घेतला तर दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि नजर रंगाऐवजी त्या चमकत्या ठिपक्यावर जाते. जर, बुट्टी, विणीची नक्षी यांनीही हेच होतं.

पाहायचं दोन ते तीन मिनिटं, पापण्या नैसर्गिकपणे लवू देत. मग डोळे मिटायचे. इथे सर्वांत मोठी गल्लत होते. तांबडी चकती पाहून डोळे मिटले की निळसर-हिरवं वर्तुळ दिसतं आणि ‘हिरवा रंग आला, म्हणजे हृदयाजवळचं अनाहत चक्र जागं झालं’ असा अर्थ लावला जातो. लाल पाहून डोळ्याच्या लाल टिपणाऱ्या पेशींची संवेदना तात्पुरती कमी होते, म्हणून उलट बाजूचा रंग उमटतो. पिवळ्यानंतर निळा आणि हिरव्यानंतर गुलाबी-जांभळा दिसतो, तोही याच कारणाने. ही उत्तरप्रतिमा कामाची आहे: ती विरेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवणं हा चांगला सराव. ती डोळ्यांच्या हालचालीबरोबर सरकते, म्हणून मन चळलं की लगेच कळतं. फक्त तिला अनुभूती मानून तिच्या मागे धावू नका, नाहीतर पुढच्या बैठकीत तुम्ही रंग पाहत नाही, निकालाची वाट पाहता.

दुसरी तक्रार: ‘पाहता पाहता चकतीच नाहीशी होते, कडा भिंतीत मिसळतात.’ नजर अगदी स्थिर झाली की बाजूचं दृश्य विरतं. स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४मध्येच हे नोंदवलं होतं. डोळे बिघडल्याचं ते लक्षण नाही, सिद्धीही नाही. पापणी एकदा लववली की चकती परत येते. न आली, किंवा नजरेच्या एकाच जागी काळा डाग दिवसभर राहिला, तर सराव थांबवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

निळ्या रंगाची अडचण खास आहे. नजरेच्या अगदी केंद्रस्थानी निळा टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. त्यामुळे भिंतीवर लहानसा निळा ठिपका काढून पाहत बसलं की तो करडा होतो, गायब होतो आणि डोळे ताण देऊन त्याला शोधत राहतात. शिवाय गडद निळ्यावर डोळ्यांचा नेम नीट बसत नाही, कडा धूसर राहतात. निळा हवा असेल तर वीतभर मोठी चकती घ्या, ठिपका नको.

चक्रांचे रंग: दोन तक्ते एकत्र करू नका

लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असा इंद्रधनुष्याचा चढता क्रम हा चक्रांचा प्राचीन क्रम म्हणून सगळीकडे छापला जातो. तो रूढ झाला विसाव्या शतकात, पाश्चात्त्य लेखनातून. पूर्णानंदांच्या १५७७च्या षट्चक्रनिरूपण या संस्कृत ग्रंथात वर्णन निराळं आहे. मूलाधाराच्या पाकळ्या तांबड्या पण आत पृथ्वीचा पिवळा चौकोन, मणिपुराच्या पाकळ्या पावसाळी ढगासारख्या सावळ्या आणि आत अग्नीचा लाल त्रिकोण, अनाहताच्या पाकळ्या बंधूक फुलासारख्या लाल, आज्ञाचक्र चंद्रासारखं शुभ्र. एका तक्त्यात अनाहत हिरवं, दुसऱ्यात लाल. दोन्ही वाचून बसणारा ऐन ध्यानात ‘बरोबर रंग कोणता’ या वादात अडकतो.

ज्या परंपरेत शिकला असाल तिचाच तक्ता धरा. शिकला नसाल तर एकच रंग निवडा आणि तीन-चार आठवडे तोच ठेवा. वीस मिनिटांत सातही चक्रं उरकायची म्हटली तर एका रंगाला तीन मिनिटंही मिळत नाहीत. रंग मनात ठरतो न ठरतो तोच पुढचा सुरू.

ज्योतीचं त्राटक

त्राटकासाठी हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात डोळ्यांत पाणी येईपर्यंत स्थिर नजरेने सूक्ष्म लक्ष्य पाहायला सांगितलं आहे. पहिल्याच दिवशी तिथपर्यंत पोहोचण्याचा अट्टहास करू नका. पहिला आठवडा एक मिनिट, नंतर हळूहळू तीन मिनिटांपर्यंत. निरांजन किंवा समई डोळ्यांच्या रेषेत, हातभर ते दीड हात अंतरावर. पंखा बंद, खिडकीची झुळूक अडवलेली. ज्योत नाचत असेल तर वात जास्त बाहेर आली आहे. ती मागे घ्या, काजळी झाडा. डोळे चुरचुरत असतील तर धूर, वारा आणि पापण्या न लवणं ही तीन कारणं या क्रमाने तपासा. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा. काचबिंदू, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा फिटचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्राटक करू नका.

ज्योतीऐवजी सूर्याकडे पाहणं मात्र कधीच नाही, रंगीत काचेतूनही नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना समजत नाही.

उपचाराचे दावे

नवजात बाळाच्या काविळीवर निळा प्रकाश चालतो, मग रंगचिकित्सा सिद्धच झाली, असं सांगितलं जातं. तिथे ४६० ते ४९० नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचं रूप बदलतो आणि ते शरीराबाहेर पडतं; बाळाचे डोळे तर मुद्दाम झाकलेले असतात. रंग पाहून मन शांत होण्याशी त्याचा काही संबंध नाही. मुंबईत जन्मलेले दिनशाह घडियाली यांनी १९२०मध्ये अमेरिकेत रंगीत काचांचं स्पेक्ट्रोक्रोम यंत्र आणलं आणि त्याने नाना रोग बरे होतात असा प्रचार केला. १९४७मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. गुलाबी रंगाने कैदी शांत होतात हा १९७९पासून गाजलेला दावाही पुढच्या नीट केलेल्या चाचण्यांत टिकला नाही. रक्तदाबाची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवा.

मिटल्या डोळ्यांपुढे रंग दिसतच नाही

‘कल्पना करा, सोनेरी प्रकाश पसरतो आहे’ या सूचनेवर काहींना फक्त अंधार दिसतो. ते स्वतःला अपात्र समजतात. काही माणसांना मनासमोर चित्र उभं करताच येत नाही. २०१५मध्ये या स्थितीला अफँटेशिया हे नाव मिळालं. जोर लावून उपयोग नाही, भुवया आवळल्या जातात आणि कपाळ दुखतं. अशांनी डोळे अर्धे उघडे ठेवून प्रत्यक्ष चकतीवरच बसावं, किंवा त्याच कापडाचा तुकडा मांडीवर घेऊन त्यावर खाली नजर ठेवावी. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट कळत नाही, त्यांनी निळी किंवा पिवळी चकती घ्यावी. तीही नको असेल तर विशुद्धिमार्गातली चौथी, पांढरी. तिच्यासाठी मात्र मागची भिंत राखाडी हवी, नाहीतर कड दिसत नाही.