मंदीत घर घेताय? निदान या चुका तरी करू नका

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी अकाउंटला आहे. पगारपत्रकं माझ्याच हातनं जातात, त्यामुळं होम लोनला सॅलरी स्लिप पाहिजे असली की प्रत्येकजण माझ्या टेबलाशी येतो आणि स्लिपबरोबर फुकटचा सल्लापण मागतो. "मंदी हाय, दर पडलेत म्हणे, घेऊन टाकू काय?" हा प्रश्न २००८ पासनं ऐकतोय. कंटाळा आलाय खरं सांगायचं तर. म्हणून एकदाच लिहून ठेवतो, पुढचा आला की मोबाइलवर हेच पाठवीन.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओव्हरटाइमच्या पगारावर हप्ता बसवणं. २०१८ ला आमच्या मोल्डिंगमधला एकजण आला. ओटी धरून हातात ३४ हजार, ओटी काढली तर २२. बँकेनं शेवटच्या स्लिपा बघितल्या आणि साडेबावीस लाख मंजूर केले, वीस वर्षं, हप्ता साडेएकोणीस हजार. मी म्हटलं अरे बाबा, हा पगार तुझा नाही, हा ऑर्डरींचा पगार आहे. तर म्हणतो, तुम्ही लई भिता साहेब. बरं.

२०१९ ला गाड्यांचा खप बसला. गाड्या खपल्या नाहीत की आमचं कास्टिंग (ओतलेले सुटे भाग) कोण घेणार? तीन शिफ्टची एक झाली, ओटी शून्य, काही आठवड्यांत तर तीन-तीन दिवस बसवून ठेवलं. त्याच्या हातात १८ हजार यायला लागले आणि हप्ता साडेएकोणीस. पहिल्यांदा बायकोच्या पाटल्या गोल्ड लोनला गेल्या, मग गुजरीत (सराफ बाजारात) मोडल्या. सावरतोय म्हणेपर्यंत मार्च २०२० आला. रिझर्व्ह बँकेनं हप्ते थांबवायची सवलत दिली, आधी तीन महिने आणि मग ऑगस्टपर्यंत वाढवली. यानं सहाही महिने घेतली आणि हप्ता माफ झाला म्हणून गावभर सांगितलं. नंतर स्टेटमेंट घेऊन माझ्याकडं आला, "साहेब, मी तर काय उचललं नाही, मग कर्ज वाढलं कसं?" व्याज चालूच होतं भावा, ते मुद्दलात जाऊन बसलं, पंच्याऐंशी हजारांच्या आसपास.

लोकं मंदीचं गणित घराच्या बाजूनं करतात, पगाराच्या बाजूनं करतच नाहीत. ज्या कारणानं बिल्डर नरम पडलाय त्याच कारणानं तुमच्या कंपनीची भट्टी दिवसाआड पेटणार असते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं तेच.

माझी पद्धत अशी आहे. स्लिप घ्यायची, लाल पेनानं ओटी, इन्सेंटिव्ह, बोनस सगळं खोडायचं, राहिलेल्याच्या एक तृतीयांशाच्या वर हप्ता जाऊ द्यायचा नाही. बँक किती देते हे विचारूच नका, बँक आपली सोय बघून देते. मग सहा महिने रंगीत तालीम करायची, म्हणजे होणारा हप्ता वजा आत्ताचं भाडं, जो फरक येईल त्याची आरडी (दर महिन्याला भरायची बँकेतली ठेव) पगाराच्या दिवशीच काढायची. घरात ओढाताण न होता सहा महिने चालली तर बँकेत जा. दहातले आठजण तिसऱ्या महिन्याला आरडी मोडतात आणि वर मलाच सांगतात की ती तालीम होती, खरा हप्ता आला की भरू. भरशील कुठनं?

व्याजदराचंही थोडक्यात बघू. मे २०२० ला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवर आला, तवा ७ टक्क्यांच्या आसपास होम लोन मिळत होतं आणि हा दर आता जन्मभराचा असं समजून लोकांनी घरं घेतली. ३० लाख, २० वर्षं, ७ टक्के म्हणजे हप्ता २३,२५९. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो साडेसहावर गेला, म्हणजे अडीच टक्के वर, आणि त्याच्या मागं लोनचा दर पण. आता साडेनऊ टक्क्यानं ३० लाखाचं एका महिन्याचं नुसतं व्याज काढा, २३,७५० येतं. हप्त्यापेक्षा व्याज जास्त! दोन वर्षं भरून मुद्दल थोडं खाली आलं असलं तरी जुन्या हप्त्यात ते हलतच नाही. म्हणून फ्लोटिंग, म्हणजे वर-खाली होणाऱ्या दराचं लोन घेताना आजच्या दरावर अडीच टक्के चढवून हप्ता काढा. तो झेपत असला तर पुढं बोलू.

आता माझी स्वतःची फजिती. जानेवारी २०२१, कोरोनाची मंदी, मी पण फ्लॅट शोधत होतो. नदीकडच्या अंगाला एक टू बीएचके, आसपासच्या दरापेक्षा सात लाखांनी कमी. म्हटलं मंदी पावली. कागद बघितले, महारेराचा (बिल्डरांच्या स्कीमवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर बघितला, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) बघितलं, टोकन द्यायला खिशात चेकबुक. मी शहाणा असल्यासारखं विचारलं पण होतं, इथं पुराचं पाणी येतं का? बिल्डरचा माणूस म्हणाला छे छे. वॉचमन पण छे म्हणाला. आमची ही पार्किंगमध्ये उभी होती, ती एवढंच म्हणाली, "खालीच नवा रंग का मारलाय, वर जुनाच आहे की?" छातीपर्यंत नवा रंग, त्याच्यावर जुना. मी चेकबुक तसंच ठेवलं आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला वेगळं विचारलं, २०१९ च्या पुरात इथल्या लोकांनी गाड्या कुठं लावल्या होत्या? तर तो सांगायलाच लागला, कोण मेहुण्याकडं घेऊन गेला, कुणाची पाण्यात गेली, होडी कुठं बांधली होती. सगळं. जुलै २०२१ ला परत पूर आला तेव्हा मुद्दाम चौकशी केली, पार्किंग पाण्यात होतं.

तेव्हापासनं "पाणी येतं का" असं मी विचारतच नाही, गाड्या कुठं लावल्या तेच विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका, आणि २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, हे आकडे कोल्हापुरात पोराबाळांना पाठ आहेत, पण फ्लॅट बघायला जाताना विसरतात. वर म्हणतात, आम्ही तिसऱ्या मजल्यावर घेतोय. अरे, मीटर खाली, पंप खाली, पिण्याच्या पाण्याची टाकी खाली, तिसऱ्या मजल्यावर बसून करणार काय? महापालिकेच्या नगररचनाला जाऊन निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठपर्यंत येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा) कुठनं जाते ते बघा. एका दिवसाची रजा जाईल, जाऊ दे. मंदीत स्वस्त आणि पुरात स्वस्त, दोन्ही जाहिरातीत सारखंच दिसतं.

बाकीच्या बारक्या चुका पटापट सांगतो.

रोख टोकन पावतीशिवाय देणं. रेरात नोंद झालेल्या स्कीमला करारनामा नोंदवायच्या आधी १० टक्क्यांच्या वर पैसे घेताच येत नाहीत. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणाला तर येऊ दे.

मंदीत अर्धवट इमारतीत बुकिंग करणं, दोन लाख वाचतात म्हणून. गिऱ्हाईक थांबलं की बिल्डरचा पैसा थांबतो आणि मग स्लॅबवर गवत उगवतं. तुम्ही इकडं भाडं पण भरताय आणि हप्ता पण. शिवाय चालू बांधकामावर परवडणाऱ्या घरांना १ आणि बाकीच्यांना ५ टक्के जीएसटी, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर काहीच नाही. माझं मत विचाराल तर मंदीत तयार घरच.

सवलतीची तारीख बघून पळणं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० ला मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी होतं, ४० लाखावर १ लाख २० हजार वाचले, बरोबर. पण तारीख गाठायच्या नादात दोघा-तिघांनी सर्च रिपोर्टसुद्धा (जागेवर कुणाचं कर्ज, हक्क आहे का त्याचा तपास) काढला नव्हता, त्यातल्या एकाच्या सातबाऱ्यावर अजून बोजा आहे.

डाउन पेमेंटला पतसंस्थेचं कर्ज काढणं. यावर बोलायचीच इच्छा नाही.

आणि उलटी चूकपण आहे, अजून पडंल, अजून पडंल म्हणत बसायचं. कोल्हापुरात बिल्डर स्क्वेअर फुटाचा दर सहसा उतरवत नाही, पार्किंग देतो, किचन करून देतो, नोंदणीचा खर्च उचलतो, तिथं घासाघीस करा. आमच्याच ऑफिसातला एकजण २०१३ पासनं दर पडायची वाट बघत भाडं भरतोय, पोरगं बारावीला गेलं.

पेंटशॉपमधला एक पोरगा परवा आला होता, फ्लॅट बघून ठेवलाय म्हणाला, रविवारी चला. कुठं विचारलं तर नदीकडंच. म्हटलं आत्ता नको, बंधाऱ्यावर पस्तीस फूट आहे, चाळीस होऊ दे मग जाऊ. तोंड वाकडं करून गेला, आणि जाताना सॅलरी स्लिप मात्र मागून गेला, ओटीसकटची.