चेंडू उलटला की चिन्हही उलटा
संवेगाच्या (वस्तुमान × वेग) गणितात गुण हमखास जातात ते चिन्हामुळे. ०.१६ किलोचा सीझन बॉल भिंतीवर १० मी/से वेगाने आदळून ८ मी/से वेगाने परत आला, तर बरेच जण वेगातला फरक २ धरतात. तो १८ आहे. आधी वहीत बाण काढून भिंतीकडची दिशा धन ठरवा, म्हणजे परतीचा वेग −८. संवेगातला बदल ०.१६ × (−८ − १०) = −२.८८ न्यूटन-सेकंद. हाच आवेग. स्पर्श ०.०१ सेकंद टिकला तर चेंडूवरचं सरासरी बल (आवेग ÷ वेळ) २८८ न्यूटन, भिंतीपासून दूर. वस्तुमान ग्रॅममध्ये दिलं असेल तर आधी किलोत आणा.

नेरुळच्या स्टेडियममध्ये क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे का नेतात, तेही यातच आहे. १० मी/से वेगाचा हाच चेंडू थांबवायला आवेग १.६ लागतोच, तो कमी होत नाही. वेळ ०.०१ वरून ०.१ सेकंद झाली की सरासरी बल १६० वरून १६ न्यूटनवर येतं. उत्तरात ‘आवेग कमी होतो’ लिहू नका, ‘बल कमी होतं’ लिहा.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली (क्रिया आणि प्रतिक्रिया) दोन बलं एकमेकांना रद्द करत नाहीत, कारण एक चेंडूवर असतं, दुसरं भिंतीवर.