कराड, विटा, पाचगणी आणि आपली सांगली: कचऱ्याच्या कामाची तुलना कशी करायची

स्वच्छ सर्वेक्षणाचा, म्हणजे केंद्राच्या शहर स्वच्छता क्रमवारीचा, निकाल लागला की आमच्या विश्रामबागेत एकच चर्चा: कराडला जमतं, विट्याला जमतं, मग सांगलीला का नाही? कराड 2020 ला, विटा 2021 ला, पाचगणी 2022 ला देशात पहिली आली, याचा मला अभिमानच आहे. पण हे क्रमांक एक लाखाच्या आतल्या शहरांमधले. आपली महापालिका 2011 च्या जनगणनेतच पाच लाखांवर होती. म्हणून क्रमांक बाजूला ठेवा आणि किलोवर या.

सांगलीत आणि ज्या शहराशी तुलना करायची तिथे, दोन्हीकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. 'घनकचऱ्याची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. वजनकाट्याची महिनावार नोंद मागा: ओला किती, सुका किती, मिश्र किती, खत किती झालं, डेपोवर किती गेलं. मग माणशी किती ते काढा. पाचगणीत पर्यटकांमुळे हा आकडा फुगणार, त्याचा दोष गावाला देऊ नका. सांगलीचे ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 हे पुराचे महिने वगळा. भिजलेल्या गाद्या नि सडलेलं धान्य हा रोजचा कचरा नव्हे. पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशीच करा.

खताचा आकडा तपासा. एक टन ओल्या कचऱ्यातून साधारण दीड ते अडीच क्विंटल खत निघतं. कुणी पाच क्विंटल दाखवत असेल तर हिशेब मागा.

कागद झाले की सकाळी घंटागाडीपाशी उभे राहा. मला तरी हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ओल्याच्या कप्प्यात डोकवा: भाजीच्या देठांत दुधाच्या पिशव्या आहेत का, डायपर आहेत का, गाठ मारलेली पिशवी तशीच आत जाते का? सुक्यातला पुठ्ठा आमटीने भिजलेला असेल तर भंगारवालाही तो घेत नाही. मग परवानगी काढून डेपोवर जा. दोन्ही कप्पे एकाच ढिगावर रिकामे होत असतील, तर कागदावरचं वर्गीकरण शून्य धरा.

तिथे निवडणीला बसलेल्या ताईंशी जरूर बोला. कोणत्या भागातून मिश्र कचरा येतो, हे त्यांना बरोबर माहीत असतं. त्यांना हातमोजे आणि बूट मिळतात का, हेही दोन्ही शहरांच्या तक्त्यात लिहा. माझ्या तक्त्यात तो रकाना पहिला आहे.