परदेशातल्या प्रतिवादीवर समन्स बजावताय? या चुका टाळा

वाटणीच्या दाव्यातला एक भाऊ अमेरिकेत किंवा घटस्फोटाच्या अर्जातला नवरा कुवेतला असला, की दारव्हा, मेहकर, हिंगणघाटच्या कोर्टांत प्रकरण समन्सवरच अडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे समन्स गावच्या घरावर बजावणं. बेलिफ येतो, म्हाताऱ्या वडिलांची सही घेतो नाहीतर दारावर प्रत चिकटवतो. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 15 प्रमाणे समन्स घेणारा प्रौढ नातेवाईक प्रतिवादीसोबत राहणारा हवा. वर्षानुवर्षं बाहेर राहणाऱ्याचं ते राहतं घर उरत नाही. एकतर्फी हुकूमनामा मिळतो खरा. पुढे तो माणूस आदेश 9, नियम 13 खाली अर्ज करून तो रद्द करून घेतो, आणि सातबारावरचा फेरफारही वादात जातो. वादीच्या हयातीत वाटणी व्हायची असेल तर हा आडमार्ग नकोच.

समन्स परदेशी पाठवण्याआधी दुय्यम निबंधकाकडे मुखत्यारपत्र नोंदलंय का, ते पाहा. प्रतिवादीच्या वतीने कोर्टाची नोटीस स्वीकारण्याचा अधिकार त्यात असेल तर समन्स इथेच बजावता येतं. नुसता जमीन विकायचा अधिकार त्यासाठी पुरत नाही.

मुखत्यार नसेल तर आदेश 5 चाच नियम 25 टपाल, कुरियर, ईमेलची वाट देतो. मात्र तो देश टपालाने बजावणी चालवून घेतो का, हे आधी तपासा. 1965 च्या हेग करारातल्या (दिवाणी प्रकरणांत परदेशात कोर्टाचे कागद बजावण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या) कलम 10 मधल्या टपालाच्या मार्गाला जर्मनीचा आक्षेप आहे, अमेरिकेचा नाही. आक्षेप असलेल्या देशात करारातला नमुना अर्ज त्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे असे अर्ज स्वीकारणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, जायला हवा. आपल्याकडचं प्राधिकरण म्हणजे दिल्लीतलं विधी व न्याय मंत्रालय; भारतात करार 1 ऑगस्ट 2007 पासून लागू आहे.

अर्ज आणि कागदपत्रांचा हा संच परत येतो तो बहुधा साध्या कारणांनी:

- अर्ज आणि कागदपत्रं दोन प्रतींत नाहीत, किंवा अर्जावर कोर्टाची सही-शिक्का नाही.
- दावा मराठीतच आहे. अमेरिकेसाठी इंग्रजी, जर्मनीसाठी जर्मन भाषांतर लागतं.
- नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नाही.
- पत्ता म्हणून पोस्ट बॉक्स दिलाय. आखाती देशांत ही चूक फार होते. इमारत, फ्लॅट क्रमांक, कामाचं ठिकाण लिहा.

युएई हेग करारात नाही. तिथे 1999 चा द्विपक्षीय करार लागतो. चेक बाऊन्ससारखं फौजदारी समन्स गृह मंत्रालयामार्फत जातं, ते या संचात घालू नका.

तारीख महिन्याभराची घेऊ नका. कागद परदेशी पोचेपर्यंत ती उलटते आणि समन्स निरुपयोगी होतं. कोर्टाला कारण सांगून किमान सहा महिने पुढची तारीख मागा. पाठवल्याची पोच आणि प्रत्येक स्मरणपत्र जपून ठेवा: सहा महिन्यांनंतरही, सर्व प्रयत्न करूनही बजावणीबाबत कोणतंच प्रमाणपत्र आलं नाही, तर हेग कराराच्या कलम 15 खाली कोर्टाला पुढे जाता येतं, आणि तेव्हा प्रयत्नांचा पुरावा म्हणून हेच कागद दाखवावे लागतात.