आदीं तो कसो आशिल्लो?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या त्या घराच्या खळ्यात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. पडवीत आठ वर्षांचा मुलगा माझ्यासमोर बसून आमच्या संशोधनातल्या चाचणीचे लाल-पांढरे ठोकळे जुळवत होता. दोन वर्षांपूर्वी मामाच्या स्कूटरवर पुढे उभा राहून जाताना तो वळणावर फेकला गेला होता. हेल्मेट नव्हतं. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पोचला तेव्हा बेशुद्ध होता, आणि पुढचे काही दिवस तसाच होता. आता मात्र त्याने ठोकळे वेळेत जुळवले, आकडे सुलटे-उलटे सांगितले, शब्दांचे अर्थही सांगितले. सगळे गुण वयाच्या सरासरीत बसत होते. मी आनंदाने त्याच्या आईला म्हटलं, "वहिनी, सगळं छान आहे."

ती म्हणाली, "बाय, तुका बरें दिसता. पूण आदीं तो असो नाशिल्लो." म्हणजे, तुला बरं दिसतं, पण आधी तो असा नव्हता.

माझ्या फॉर्मवर या वाक्यासाठी रकाना नव्हता. मी ते लिहून घेतलं नाही. तीन वर्षांनी तो पाचवीत गेला आणि एकेक गोष्ट सुटायला लागली. दप्तरात पुस्तकं चुकीची जायची, गृहपाठ सुरू व्हायचा पण पुरा होत नसे, खेळात हरला की मारामारी. तेव्हा मला आईचं ते वाक्य आठवलं. लहान मुलांच्या मेंदूला झालेली इजा आणि स्वमग्नतेसारखे (ऑटिझमसारखे) विकासात्मक विकार यांच्या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट न्यायची असेल, तर 'आदीं' हा शब्द न्यावा. आधी मूल कसं होतं, आता कसं आहे आणि पुढे कसं होणार आहे, या तिन्ही काळांवर नजर ठेवणं हेच या कामाचं अंग आहे. बाकीचं शिकता येतं.

कॉलेजात आम्ही शिकलो होतो की लहान मेंदू लवचिक असतो, म्हणून लहानपणी मार लागला तर भरून येतो. या समजुतीच्या मुळाशी मार्गारेट केनार्ड यांचे १९३०च्या दशकातले माकडांवरचे प्रयोग आहेत. मेंदूच्या हालचालींच्या भागाला लहान वयात इजा झालेली माकडं मोठ्या वयात इजा झालेल्यांपेक्षा बरी सावरली, असं त्यांना दिसलं. ते खोटं नव्हतं. जन्माच्या सुमारास मेंदूच्या एकाच बाजूला पक्षाघाताचा झटका (स्ट्रोक) आलेली कितीतरी मुलं पुढे बोलतात, कारण भाषेचं काम दुसरी बाजू अंगावर घेते. पण रस्त्यावरच्या अपघातात मेंदू कवटीत हिंदकळतो, लांब तंतू ताणले जातात, तुटतात. मग काम सोपवायला धड राहिलेली बाजू कुठून आणायची? शिवाय लहान मूल अजून शिकायचं असतं. मोठ्या माणसाचं शिकलेलं हरवतं, मुलाची पुढे शिकण्याची ताकद हरवते. मेलबर्नमध्ये विकी अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. अगदी लहान वयात गंभीर इजा झालेल्या मुलांवरच त्यांना सर्वांत जास्त परिणाम दिसला.

कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण पक्का होतो. बेत आखणं, थांबणं, एकाच वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवणं ही त्याची कामं. सहा वर्षांच्या मुलाकडून ही कामं कोणी फारशी मागत नाही, त्यामुळे ती येत नाहीत हेही कळत नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी शाळा ती मागायला लागते, आणि इतकी वर्षं झाकलेलं नुकसान उघडं पडतं. म्हणून इजेनंतर सहा महिन्यांनी एकदा तपासून 'बरा झाला' असा शेरा मारणाऱ्या अभ्यासांकडे मी जरा संशयानेच बघते.

गोव्यात यात आणखी एक गुंता आहे, जो बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही. आपल्याकडची बरीच मुलं मराठी किंवा कोकणी माध्यमातून चौथीपर्यंत शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जातात. विषय वाढतात, प्रत्येक विषयाची टीचर वेगळी. अशा वर्षी धडधाकट मूलसुद्धा गांगरतं. सत्तरीतल्या त्या मुलाबद्दल शाळेत सगळे म्हणत होते, "इंग्लिश जमत नाही त्याला." ते काही अंशी खरंही असेल. मग इजेचा वाटा किती आणि माध्यमबदलाचा किती, हे ठरवायचं कसं?

इथे तुलनेचा गट लागतो, आणि तो निवडताना नवखे लोक हमखास चुकतात. ते त्याच वर्गातली निरोगी मुलं घेतात. पण अपघात सगळ्या मुलांना सारख्या प्रमाणात होत नाहीत. जी मुलं मुळातच उतावळी, धावरी, लक्ष न टिकणारी, ती जास्त पडतात, जास्त धडकतात. अपघातानंतर त्यांचं लक्ष लागत नाही असं आढळलं, तर ते आधीपासून लागत नसेल अशीही शक्यता असते. म्हणून डोक्याला मार लागलेल्या मुलाची तुलना हात किंवा पाय मोडलेल्या मुलाशी करतात. आंब्याच्या झाडावरून पडून हात मोडलेला मुलगाही तसाच धडपड्या असतो, त्यानेही वेदना आणि हॉस्पिटल सोसलेलं असतं, घरचेही तसेच घाबरलेले असतात. फरक एवढाच की त्याचा मेंदू वाचलेला असतो. ही युक्ती मला पहिल्यांदा समजली त्या दिवशी मला या विषयाचं सौंदर्य कळलं, असं मी आजही मानते.

आणि 'आदीं' विचारायचं ते लगेच. अपघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत, आई-वडिलांच्या मनातलं आधीचं मूल ताजं असताना. उशीर झाला की आठवण गोड होत जाते. त्रास जितका मोठा, तितका 'आधी किती गुणी होता' हा सूर वाढतो. यात कोणी खोटं बोलत नसतं. पण दोन वर्षांनी विचारलेलं 'आधी' आणि दोन आठवड्यांत विचारलेलं 'आधी' ही दोन वेगळी मुलं असतात. त्यामुळे मी आता शाळेचे जुने निकाल, अंगणवाडीच्या नोंदी, लसीकरणाचं कार्डसुद्धा मागून बघते.

विकासात्मक विकारांत हाच शब्द उलटा लागतो. स्वमग्न मुलाच्या आईकडे बोट ठेवता येईल असं 'आधी' बहुतेकदा नसतं, आणि म्हणून ती ते शोधत राहते. 'पाळण्यातून पडला होता.' 'दात येताना ताप आला होता.' 'गरोदरपणी ग्रहणात मी बाहेर पडले होते.' स्वमग्नता पाळण्यातून पडल्याने किंवा ग्रहणाने होत नाही, हे तिला सांगायचं असतं. पण ते पहिल्या भेटीत आणि पहिल्या वाक्यात नव्हे. ती स्वतःला दोषी धरून वर्षानुवर्षं जगलेली असते. आधी ऐकून घ्यावं लागतं. त्यातच कधी कधी खरं काही हाती लागतं. बाळ जन्मल्यावर रडलं नव्हतं, कावीळ फार चढली होती, मेंदूज्वराने आठवडाभर ॲडमिट होतं. हे मात्र नोंदवायचंच.

आपल्या भूमीवर हे काम झालेलं आहे, हे नव्याने येणाऱ्यांना बऱ्याचदा माहीत नसतं. २०१८मध्ये भारतातल्या पाच ठिकाणांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पलवल, कांगडा, ढेंकानाल आणि हैदराबाद यांच्याबरोबर पाचवं ठिकाण उत्तर गोवा होतं. दोन ते नऊ वर्षांची ३,९६४ मुलं घरोघरी जाऊन निवडली होती. दृष्टी, श्रवण, फेफरं, हालचाल, वाचा, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, आणि सहा वर्षांपुढे चंचलता (एडीएचडी) व अध्ययन अक्षमता, असे नऊ विकार तपासले. साधारण आठांतल्या एका मुलात त्यांपैकी किमान एक आढळला. जन्मवेळी गुदमरणं, कमी वजन आणि मेंदूचा संसर्ग यांचा धोक्याशी संबंध दिसला, म्हणजे वाटेत अडवता येण्यासारख्या गोष्टींचा.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने इतर संस्थांबरोबर स्वमग्न मुलांच्या पालकांसाठीच्या कार्यक्रमाची चाचणी गोवा आणि रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून केली. २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. मुलं फक्त ६५. आई-वडिलांना शिकवणारे लोक तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले, मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र कमी झाला, आणि तेही त्यांनी लिहिलं. नको असलेला निकाल लपवला नाही. संशोधन असं करावं.

आता शिक्षणाचं. मानसशास्त्र घेऊनच यावं लागतं असं नाही. माझ्याबरोबर फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचोपचार, विशेष शिक्षण, समाजकार्य, नर्सिंग अशा सगळीकडून आलेले लोक आहेत. एक मैत्रीण संख्याशास्त्राची आहे, आणि तिच्याशिवाय आमचा एकही लेख पुरा होत नाही. एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा: संशोधन सहायक म्हणून तुम्ही देखरेखीखाली चाचणी घेऊ शकता, निदान करू शकत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा डॉक्टरच लागतो. गावात लोक तुम्हाला 'डॉक्टर' म्हणतील, 'आमच्या पोराला काय झालंय ते सांगा' म्हणतील. माझं ते 'सगळं छान आहे' हे वाक्यही निदानच होतं, आणि ते बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

चाचण्यांची भाषा हा माझा रोजचा प्रश्न आहे. बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कन्नडमध्ये बसवलेली आहे, पण ती जुनी आहे आणि तिची मराठी आमच्या पेडण्या-डिचोलीच्या मुलाची नाही. तो घरी कोकणी बोलतो, आरती मराठीत म्हणतो आणि आकडे इंग्रजीत मोजतो. 'सत्तावीस' म्हटलं की थबकतो, 'ट्वेंटी सेवन' म्हटलं की चालू लागतो. त्याच्या त्या थबकण्याला स्मृतिदोष म्हणायचं का? मी प्रत्येक मुलाशी आधी दहा मिनिटं गप्पा मारते, आणि तो कोणत्या भाषेत मोजतो, कोणत्या भाषेत भांडतो ते लिहून ठेवते. सूचना त्याच भाषेत देते, पण शब्द आधी ठरवून घेतलेले असतात, प्रत्येक मुलासाठी तेच. तिथल्या तिथे भाषांतर करायचं नाही, कारण नकळत आपण सोपं करून सांगतो. चाचणी पुन्हा घेतली की मूल सरावानेही सुधारतं, हेही हिशेबात धरावं लागतं.

संमतीबद्दल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती तर लागतेच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठराच्या मुलाचा लेखी होकार लागतो. ही औपचारिकता म्हणून उरकू नका. मुलाने 'नको' म्हटलं तर पिशवी आवरून निघायचं. आणि गोवा लहान आहे. 'अमुक गावातला, स्कूटरवरून पडलेला, पाचवीतला मुलगा' एवढं लिहिलं तरी अर्ध्या तालुक्याला तो कळतो. म्हणून वर सांगितलेल्या मुलाचं वय, ठिकाण आणि अपघात मी बदलून सांगितले आहेत. तुम्हीही तुमच्या टिपणांत ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सगळ्यात कठीण काम आहे तीच कुटुंबं पुन्हा पुन्हा गाठणं. गळती सारखी होत नाही. जी मुलं पूर्ण बरी झाली ती येत नाहीत, कारण घरच्यांना गरज वाटत नाही. ज्यांचे फार हाल आहेत तीही येत नाहीत, कारण आईला घराबाहेर पडता येत नाही. मधली तेवढी उरतात, आणि आपण त्यांच्यावरून सगळ्यांचा निष्कर्ष काढून बसतो. गळालेल्यांचा हिशेब आकडेशास्त्रात करता येतो, ते जरूर शिका. पण त्याआधी घरी जा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे आणि नंतरचे दहा दिवस कोणाला बोलावू नका. काजूच्या हंगामात सत्तरीत दुपारनंतर जा. जत्रा, शिगमो यांच्या तारखा कॅलेंडरवर मांडून भेटी ठरवा. कदंबची शेवटची बस चुकणार असेल तर येण्याजाण्याचा खर्च प्रकल्पातून मिळेल अशी तरतूद अर्जातच करून घ्या, मागाहून कोणी देत नाही.

हेल्मेटचं बोलल्याशिवाय मला राहवत नाही. मोटारसायकलवर बसणाऱ्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं असं २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. त्याहून लहान मुलांसाठी २०२२मध्ये वेगळे नियम झाले: नऊ महिन्यांपुढे हेल्मेट, चालकाला बांधलेला पट्टा, ताशी चाळीसच्या आत वेग. तरी सकाळी शाळेच्या वेळेला फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या रस्त्यावर उभं राहून बघा, किती डोकी उघडी दिसतात. मी भेटीला जाते तेव्हा चाचण्यांच्या पिशवीत लहान मुलाचं एक हेल्मेट ठेवते. धाकट्या भावंडांना घालून बघायला देते. ते प्रकल्पाचं काम नाही, पण मला ते जमतं तेवढं करायचंच आहे.

तो मुलगा आता बारा पूर्ण करेल, म्हणजे पुढच्या भेटीत होकाराच्या कागदावर तो स्वतः सही करेल. आईने निरोप पाठवला आहे की जत्रा झाल्यावर या. यावेळी मी फॉर्मच्या शेवटी एक कोरं पान जोडून घेतलं आहे. आधी तिचं बोलणं लिहून घेणार आहे, मग ठोकळे काढणार आहे.